रडक्या तोंडाची तालीम

गल्लीत तिला सगळे कडकमावशी म्हणायचे. इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक. पंचवीस वर्षं तिने एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडून कोळशाची इस्त्री चालवली. जिना उतरणाऱ्या प्रत्येकाला तिच्यासमोरून जावं लागे आणि जाताजाता काहीतरी ऐकून घ्यावं लागे.

"अहो मास्तर, ही पँट आहे की पिशवी? गुडघ्यात काय भोपळे ठेवलेत?"

मास्तर मुकाट वर जाऊन पँट बदलून यायचे.

माणूस कसा आहे ते मावशी तोंडावरून ठरवत नसे, कॉलरवरून ठरवायची. कॉलरची आतली बाजू तिच्यापासून कुणाला लपवता आली नाही. कुणाची नोकरी सुटलीय आणि घरी पत्ता नाही, कुणाची बायको रुसून गेलीय, हे गठ्ठा सोडल्यासोडल्या तिला कळायचं. कळलं तरी ती चारचौघांत बोलायची नाही. बाई तोंडाळ होती, चहाडखोर नव्हती.

नवरा गठ्ठे आणायचा आणि पोचवायचा. दोघांचं दिवसभर वाजायचं, पण एकमेकांना सोडून चहा कधी घेतला नाही. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि तो आठ दिवसांत गेला. लोकांना वाटलं, आता ही बसली. पण ही बसली नाही. गठ्ठे स्वतः वाहायला लागली आणि वर्षभर तशीच उभी राहिली. मग एका सकाळी तिने कुणाचा तरी पिवळा शर्ट टेबलावर पसरला, इस्त्री ठेवली, आणि ती उचललीच नाही. जळका वास सुटला, धूर निघाला. मावशीला सगळं दिसत होतं, कळतही होतं. फक्त हात काही केल्या हलेना. शेवटी मास्तर धावत जिना उतरले आणि त्यांनी इस्त्री बाजूला केली.

त्या दिवशी ती घरी गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली ती कित्येक महिने. इस्त्री विकली, टेबल विकलं. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात सून होती. ती शर्टांना बटणं लावायची, डझनावर पैसे मिळायचे. आधी सासू-सुनेचं असं भांडण चालायचं की शेजारी कामं सोडून ऐकत बसायचे. आता सासू गप्प झाली आणि सुनेची पाचावर धारण बसली. तिने एकदा मुद्दाम कालवणात मूठभर मीठ जास्त टाकून बघितलं. सासूने मान खाली घालून सगळं संपवलं आणि ताट विसळून ठेवलं. सून आत जाऊन रडली.

आणि मग वहीवाली आली.

वहीवाली त्याच वस्तीतली, पलीकडच्या आळीतली. शिक्षण दहावीपर्यंत, डॉक्टर वगैरे काही नाही. एका संस्थेने तिला तीन महिने शिकवलं, निळा शर्ट दिला, एक जाड वही दिली. मन खचलेल्या बायकांचा एक गट करायचा, आठवड्यातून एकदा बसायचं, जे दुखतंय ते बोलायचं, आणि जाताना पुढच्या आठवड्यात करायचं एकच काम ठरवून जायचं. सोबत सहा महिने फोनवर थोडे पैसे यायचे आणि शेवटी धंद्याला लावायला एक मोठी रक्कम.

"बोलायचे पैसे?" मावशीने भिंतीकडे बघतच विचारलं. "पूर्वी लोक मला गप्प बसायचे पैसे द्यायला तयार होते."

सुनेने हातातली सुई खाली ठेवली. कित्येक महिन्यांत सासूच्या तोंडून निघालेलं हे पहिलं टोमण्यासारखं वाक्य होतं.

वहीत नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, भूक लागली का, कशात मन लागलं का, जगणं नकोसं वाटलं का, असे. त्रास कधीच नाही म्हटलं तर शून्य मार्क, अधूनमधून म्हटलं तर एक, बरेच दिवस म्हटलं तर दोन, रोज म्हटलं तर तीन. नऊ त्रिक सत्तावीस. मावशीला एकोणीस पडले आणि ती गटात आली. शेजारणीला सहा पडले, तिला चहा पाजून घरी पाठवलं. हे सगळ्यांनी नीट लक्षात ठेवलं आणि पुढचा घोटाळा तिथूनच झाला.

गट बसायचा पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी चालू असली की वरची जमीन थरथरायची आणि केसांवर पीठ बसायचं. नऊ जणी होत्या. त्यात एक भंगारवाली, हातगाडी ओढून दंड पहिलवानासारखे झालेली, आणि एक अंडीवाली, जी पडल्या आवाजात बोलायची, जणू मोठ्याने बोललं तर माल फुटेल. पहिले तीन आठवडे मावशी नुसती जमिनीकडे बघत बसली. चौथ्या आठवड्यात तिने पिवळ्या शर्टाचं सांगितलं. कुणी हळहळलं नाही, कुणी पाठीवरून हात फिरवला नाही. अंडीवालीने बारीक आवाजात विचारलं, "मग त्याने शर्टाचे पैसे कापले का गं?"

"कापले की मेल्याने. जुना शर्ट होता, बगलेत विरलेला, आणि नव्याचे कापले."

"आणि तू दिलेस?"

"दिले," मावशी म्हणाली, आणि तिचा तिलाच राग आला. राग आला म्हणून तिला आश्चर्य वाटलं. बऱ्याच दिवसांत काही आलंच नव्हतं.

पैसे येत राहिले. सुनेने थकलेलं भाडं देऊन टाकलं, किराणा भरला. भाड्याची तारीख डोक्यातून गेली आणि तिथे झोपेला टेकायला जागा झाली. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मावशी उठली तर ऊन पार उंबऱ्यापर्यंत आलेलं. ती धडपडत बसली.

"सूनबाई, अगं मला झोप लागली!"

"बरं झालं की, आई."

"काय बरं झालं? परवा वहीवाली विचारणार, काय सांगू?"

कारण मधल्या काळात फुलवालीचं प्रकरण घडलं होतं. नववी होती ती फुलवाली. दुसऱ्या महिन्याच्या प्रश्नांना तिने सरळ सांगितलं, मला आता बरं वाटतंय. तिला चार मार्क पडले. पुढच्या महिन्यात पैसे आल्याचे सगळ्यांचे फोन वाजले, फुलवालीचा वाजला नाही. त्यानंतर ती दिसलीही नाही. भंगारवालीने गिरणीच्या मागच्या पायरीवर बसून हिशेब लावून दिला.

"ज्यांना मार्क कमी होते त्यांना पहिल्या दिवशीच घरी धाडलं. हिचे कमी झाले, हिला आता धाडलं. ही परीक्षा आहे बायांनो, फक्त उलटी. नापास झाली तीच पास."

यात कुणालाच खोट दिसली नाही.

मग तालीम सुरू झाली. महिन्यातून एकदा, प्रश्नांच्या दिवशी, सगळ्या जणी अर्धा तास आधी पिठाच्या पोत्यांमागे जमायच्या. मास्तरीण अर्थातच कडकमावशी. आयुष्यभर तिने शर्टांच्या घड्या बसवल्या आणि आता आठ जणींची रडकी तोंडं घडी मोडू न देता बसवायला निघाली होती.

"हे काय तोंड आहे? जेवून आल्यासारखं दिसतंय. गाल आत घे. अगं, हसतेस काय?"

"मावशी, तुम्ही बघता म्हणून हसू येतं."

"आणि तू, अंडीवाली! 'झोप लागली का' म्हटल्यावर आधी उसासा, मग उत्तर. उत्तर देऊन मग उसासा टाकलास तर जांभई वाटते."

भंगारवालीला काही शिकवावं लागायचं नाही. ती कपाळ बडवून असा गळा काढायची की पोतं घ्यायला आलेला गिरणीवाला दारातच थांबायचा.

"कोण गेलं हो?"

"तुमची उधारी बुडवणारा," भंगारवाली डोळे पुसत सांगायची, आणि आठही जणी पोत्यांवर कोसळून हसायच्या. एकदा अंडीवालीला हसताना उचकी लागली ती वर प्रश्न संपेपर्यंत थांबली नाही. वहीवालीला वाटलं, बिचारीला हुंदका आवरत नाहीये. तीन मार्क लिहिले.

त्या अर्ध्या तासासाठी मावशी महिनाभर जगायची असं म्हटलं तर खोटं होणार नाही. पण घरी ती सावध असायची. सुनेशी भांडण निघालंच तर आधी दार लावून घ्यायची.

"बटण तिरकं बसलंय ते दिसत नाही का? डोळे काय गिऱ्हाइकाकडे ठेवून आलीस?"

"हळू बोला आई, कुणी ऐकलं तर बऱ्या झालात म्हणतील."

जिन्याखालची जागा अजून रिकामी होती. इमारतीच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, सहावा महिना संपेपर्यंत थांबतो, मग रद्दीवाल्याला देतो. मोठी रक्कम त्याच महिन्यात यायची होती. एका वापरलेल्या इस्त्रीचा भाव मावशीने काढून ठेवला होता. पितळेची, वजनदार, मूठ जरा ढिली. तिला त्या मुठीची स्वप्नं पडायची. स्वप्नं पडायची म्हणजे झोप लागायची, म्हणून तेही ती कुणाला सांगायची नाही.

पाचव्या महिन्याच्या अखेरीस, एका दुपारी, वहीवाली घरी आली. खाली बसली, वही मांडीवर ठेवली आणि न उघडताच बोलायला लागली.

"मावशी, पहिल्या दिवशी तुम्हाला एकोणीस मार्क होते. आता पंचवीस आहेत. म्हणजे माझ्याकडे येऊन तुम्ही जास्त आजारी पडलात."

सुनेने तोंड उघडलं. मावशीने असा डोळा वटारला की ते तसंच मिटलं.

"सगळ्यांचं तसंच आहे. माझंच काहीतरी चुकतंय. पुढच्या आठवड्यात ऑफिसला वही द्यायची आहे, तेव्हा लिहून देणार आहे की हा गट माझ्याकडून काढा. तुम्हाला मोठ्या दवाखान्यात पाठवायला सांगते. माझ्या हातून कुणाचं आणखी वाईट नको व्हायला."

मावशीची नजर सवयीने तिच्या कॉलरवर गेली. निळी कॉलर आतून काळी पडली होती, दोन दिवसांची नव्हे, आठ दिवसांची. वरचं बटण चुकीच्या काजात.

"रात्री झोप येते का गं तुला?" मावशीने विचारलं.

"कुठली झोप."

"जेवलीस?"

"भूक नसते हल्ली."

"कशात मन?"

वहीवालीने नुसती मान हलवली. मावशीने मनातल्या मनात बेरीज केली. तीनच प्रश्नांत नऊ झाले होते. पुढचं विचारायची तिची छाती झाली नाही. तिने वहीवालीचं बटण काढून बरोबर काजात घातलं आणि तिला चहा दिला.

प्रश्नांच्या दिवशी मावशीने वहीवालीचं सांगितलं, आज आपण खरं बोलणार म्हणाली, आणि पोत्यांमागे तालीम झालीच नाही, भांडण झालं.

"खरं सांगितलं तर तुझी इस्त्री गेली," भंगारवाली म्हणाली. "तिची नोकरी जाईल तर दुसरी मिळेल. शिकलेली आहे. तुझा जिना गेला तर दुसरा जिना मिळणार आहे का तुला?"

"नाही मिळणार."

"मग?"

"एक शर्ट जाळला मी. हात हलत नव्हता म्हणून जाळला. आता हलतोय. हलतोय आणि तरी दाबून धरू?"

अंडीवाली बारीक आवाजात म्हणाली, "पण मावशी, तुम्ही खरं बोललात की आमचं पण उघडं पडणार ना."

"मी माझंच सांगणार. तुम्हाला गळा काढायचा तर काढा. मी शिकवलेलं आहे, वाईट काढणार नाही."

माडीवर मावशी सगळ्यांत पुढे जाऊन बसली आणि विचारायची वाट न बघता सुरू झाली. "झोप लागते. भूक लागते, इतकी की सुनेच्या ताटातलं घेते. मन लागतं. भांडणात तर फार लागतं. घे, शून्य, शून्य, शून्य." शेवटच्या प्रश्नाशी ती अडखळली. "जगणं नकोसं... एखाद्या दिवशी. रस्त्यात कुणी गठ्ठा खांद्यावर घेऊन चाललेला पाठमोरा दिसला की. घरी येईपर्यंत जातं ते. एक मार्क लिही."

हे शेवटचं तिने याआधी कधी सांगितलंच नव्हतं. दर वेळी पाठ केल्यासारखे तीन म्हणून मोकळी व्हायची.

वहीवालीने पेन्सिल खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले.

"मावशी, माझी नोकरी वाचावी म्हणून खोटं बोलू नका. मी पंचवीसच लिहिते."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन महिने खोटं बोलली तेव्हा हिने डोळे मिटून लिहून घेतलं आणि आयुष्याचा जिना पणाला लावून खरं बोलली तर ही म्हणे खोटं!

"खोटं? थांब, खोटं कसं असतं ते दाखवते तुला." ती उभी राहिली. "ही बघ अंडीवाली." गाल आत गेले, आधी उसासा, मग उत्तर. "ही आपली भंगारवाली." कपाळ बडवून असा सूर लावला की खालून गिरणीवाल्याने ओरडून विचारलं, आज कोण गेलं. "आणि ही मी, पंचवीस मार्कांची." मावशीने मान खांद्यात घातली, डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ लोंबवला.

आधी अंडीवालीला उचकी लागली. मग कुणालाच आवरेना. थरथरत्या जमिनीवर आठ बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या आणि वहीवाली एकेकीकडे बघत होती. हळूहळू तिच्या ध्यानात आलं.

"पण का?" तिने विचारलं.

भंगारवालीने उलट्या परीक्षेचं सांगितलं, फुलवालीचं सांगितलं.

"अहो, फुलवालीचा फोन पाण्यात पडला, नंबर बदलला. बहिणीकडे गेलीय ती, तिचं बाळंतपण करायला. पैसे तिला आता तिकडे मिळतात. मार्कांचा आणि पैशांचा काही संबंधच नाही! बरं वाटलं तरी सहा महिने मिळणार, नाही वाटलं तरी मिळणार. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी!"

"त्या दिवशी कोण ऐकत होतं बाई?" मावशी म्हणाली. "आम्ही आजारी होतो ना!"

वहीवाली हसली आणि लगेच भडकली. "तीन महिने! तुमच्यापायी मी झोपलेली नाही!"

"तीन मार्क," अंडीवाली म्हणाली.

वहीवालीने नवं पान काढलं. आता सगळ्यांनी पहिल्यापासून, आणि खरं, असं तिने बजावलं. अंडीवालीला सात पडले. दुसरीला पाच. कुणाला नऊ. प्रत्येक आकड्याला टाळ्या पडत होत्या. भंगारवाली शेवटची.

"झोप?"

"नाही लागत. रोज."

एक-दोघी हसल्या.

"भूक?"

"रोजच. नाही लागत."

"अगं पुरे आता," अंडीवाली हसत म्हणाली, "तालीम संपली!"

भंगारवाली कपाळ बडवत नव्हती. गळाही काढत नव्हती. पत्र्याचा भाव सांगावा तसा कोरडा आवाज होता आणि नजर स्वतःच्या तळहातांवर. मावशीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हसू नका," ती म्हणाली. "हे माझं शिकवलेलं नाही."

वहीवालीने बाकीचे प्रश्न हळू आवाजात विचारले. बेरीज तेवीस झाली. तीन महिने भंगारवाली दर वेळी खरं तेच सांगत आली होती, फक्त वर सोंग चढवून. आठ जणींच्या रडगाण्यात तिचं रडणं कुणाला वेगळं ऐकू आलं नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त हसवायची तीच.

"मला वाटलं," भंगारवाली म्हणाली, "खोटं खोटं म्हणता म्हणता जाईल."

"माझं गेलं," मावशी म्हणाली. "तुझं चिवट आहे, तुझ्यासारखंच. दवाखान्यात मी येते बरोबर."

"तुझी इस्त्री?"

"इस्त्री कुठे पळून जाते? पायांना चाकं आहेत का तिला?"

सहाव्या महिन्यात रक्कम आली. मालकाने जागा दिली, वर दोन महिन्यांचं आगाऊ घेतलं, त्याबद्दल त्याला त्याच्या कॉलरवरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूठ गिरणीवाल्याने घट्ट करून दिली. वहीवालीचा गट तिच्याकडेच राहिला. ऑफिसमध्ये तिला खरी हकीगत सांगताना घाम फुटला, पण ऐकणाऱ्या बाई म्हणे टेबलावर डोकं ठेवून हसल्या.

भंगारवालीला गोळ्यांचा गुण यायला वेळ लागला. मोठा दवाखाना लांब, बस बदलून जावं लागायचं, आणि तिचा नंबर दर मंगळवारी. पहिल्या खेपेला ती बाकावर हूं की चूं न करता बसून होती. चौथ्या-पाचव्या खेपेला तिने वाकून बाकाचा पाय वाजवून बघितला आणि म्हणाली, "लोखंड चांगलं आहे गं." मावशीने ते डॉक्टरांना आवर्जून सांगितलं. डॉक्टरांना त्यात काय विशेष ते कळलं नाही.

मंगळवारी जिन्याखालचं टेबल बंद असतं. दुसऱ्या मजल्यावर नवा राहायला आलेला कारकून सोमवारी संध्याकाळी तणतणत आला. "मंगळवारी माझी मीटिंग असते. आठवड्याच्या मध्येच कसली सुट्टी हो? घरात कुणी आजारी आहे का?"

"आहे की. एक मैत्रीण आहे, आजारी पण आणि आगाऊ पण," मावशी त्याच्या शर्टावर पाणी शिंपडत म्हणाली. "आत्ताच घेऊन जा हा. आणि उद्या मीटिंगला हात वर करू नका, बगलेत उसवलाय."